पहिलीच्या वर्गातील सहा दिवस



आपल्यापैकी कितीतरी जण रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतात. कुणी घरीच संध्याकाळी नातवंडांना जवळ बसवून एखादी प्रार्थना, एखादी गोष्ट शिकवतात. त्या सर्वांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: पाच-सहा वर्षांचे मूल शांत का बसत नाही? मलाही तो पडला होता आणि त्याचे उत्तर मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. ते एका शाळेत मिळाले, तेही पूर्ण नाही. जे मिळाले ते आपल्यासमोर ठेवते.

मी दोन वर्षांपासून बालवर्गाच्या हिंदी पाठांचा मराठीत अनुवाद करण्याची सेवा करते आणि रविवारी सकाळी एक वर्गही घेते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. ताळेबंद मांडता येतो, पण बालशिक्षणाचा अभ्यास म्हणावा असा काही नाही. नोव्हेंबरमध्ये अनुवाद केलेल्या एका पाठात मुलांनी काही मिनिटे डोळे मिटून निश्चल बसण्याचा भाग होता. ते वाक्य मराठीत चांगले उतरले म्हणून मी खूश होते. रविवारी ते लगेच अमलात आणले.

वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा होता. बाकीची मुले डोळे मिटून बसली (निदान तसे दाखवत तरी होती), पण हा चटईच्या कडेची काडी उपसत होता. मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्याला बाहेर पायरीवर बसवले. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याची आई भाजी घेताना भेटली तेव्हा विचारले. ती म्हणाली, "अगं, तो म्हणतो, मला तिथे बसता येत नाही."

'बसत नाही' असे नाही, 'बसता येत नाही'. पोहता येत नाही म्हणावे तसे. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

माझी मावशी पुरंदर तालुक्यातील एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरीची मुले एकाच खोलीत मावशीकडे, तिसरी-चौथीची शेजारच्या खोलीत गुरुजींकडे. सत्र परीक्षा संपल्यावर मी तिला फोन करून हे सगळे सांगितले. ती हसली नाही की रागावलीही नाही. म्हणाली, "सोमवार ते शनिवार ये आणि मागे बस. शिकवू नकोस. नुसतं बघ."

सोमवार

शाळा परिपाठाने सुरू झाली. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, बातम्या. मोठ्या मुलांनी बातम्या वाचल्या. पहिलीची मुले रांगेत उभी होती खरी, पण उभी म्हणजे काय? एकाने चपलेच्या अंगठ्याने मातीत गोल काढला, एकीने पुढच्या मुलीची वेणी मोजली. मावशीने एकालाही टोकले नाही. मला ते खटकले. परिपाठ तरी शिस्तीत व्हायला हवा असे वाटले.

वर्गात आल्यावर पहिले काम हजेरीचे. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर' असे दोन शब्द कायमचे रंगवलेले आहेत. दुसरीतील एक मुलगी उठली, प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावत मोजत गेली आणि 'हजर' पुढे 24 लिहिले. पट 27. "मग किती नाही आले?" मावशीने विचारले. तिने मनात वजाबाकी केली नाही. 24 पासून पुढे एकेक बोट उघडत 27 पर्यंत गेली आणि तीन बोटे दाखवली. मग तिघे कोण, यावर पाच मिनिटे चर्चा. एक आजीकडे, एकाला ताप, एकीच्या घरची म्हैस व्यायली. म्हशीवरून गप्पा सुरू झाल्या, गप्पांतून 'म्हैस' आणि 'मन' यांत सारखे काय ऐकू येते ते आले आणि तिथून मावशी फळ्यावरच्या 'म' पर्यंत आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण बहुतेक जण अक्षरे क, ख, ग या क्रमाने घोकत शिकलो. आजच्या शाळेत अक्षरे गटागटाने येतात. म, क, र, न, ल अशी थोडी अक्षरे आली की लगेच मन, कर, कमल, नमन असे शब्द वाचता येतात. सगळी बाराखडी संपेपर्यंत मुलाला वाचनाचा आनंद मिळायचा नाही, असे होत नाही. आपल्याकडे जुना 'गमभन' होताच. त्यामागेही विचार होता: ग, म, भ, न यांची वळणे एकमेकांच्या जवळची, एक आले की दुसरे हाताला सोपे जाते.

त्या दिवशी मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे 'सांगितले म्हणून स्थिर', उजवीकडे 'आपोआप स्थिर'. सवय, दुसरे काय. दिवसअखेर डावा रकाना जवळजवळ रिकामा होता. उजव्या रकान्यात मात्र चार-पाच नोंदी होत्या आणि त्यांकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

मंगळवार

जानेवारी महिना, वाटाण्याचा हंगाम. पुरंदरचा वाटाणा आपण बाजारात मागून घेतो. मावशीने आदल्या दिवशी सांगितले होते, येताना प्रत्येकाने दोन शेंगा आणायच्या. कुणी खिसाभर आणल्या.

शेंग न उघडता आत किती दाणे असतील याचा अंदाज करायचा, तो पाटीवर लिहायचा, मग शेंग उघडून मोजायचे. एवढाच खेळ. पहिल्या शेंगेला मुले काहीही बोलली: वीस, शंभर, दोन. तिसऱ्या-चौथ्या शेंगेला ती शेंग उजेडाकडे धरू लागली, बोटाने चाचपून फुगवटे मोजू लागली. कुणीही त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. नंतर मावशीने जमिनीवर खडूने 3 ते 9 आकडे लिहिले आणि ज्याच्या शेंगेत जितके दाणे तितक्या आकड्यावर रिकामे टरफल ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने 6 आणि 7 वर टरफलांच्या लांब रांगा लागल्या, 3 वर एकच टरफल. आम्ही संख्याशास्त्रात ज्याला वारंवारता वितरण म्हणतो ते माझ्यासमोर जमिनीवर पडले होते आणि मुले ते पाहून म्हणत होती, "बाई, सातची गाडी लई मोठी झाली." मावशी 'लई' ला अडखळली नाही. ती म्हणते, आधी मुलाला बोलू द्यावे, भाषा नंतर पुस्तकाकडे आपोआप वळते. दाणे शेवटी पोटात गेले, हे सांगायला नको.

दुसरीच्या मुलांचे वेगळे चालले होते. एका मुलाने 'सत्तावीस' ऐकून 72 लिहिले. आपण म्हणू, लक्ष नव्हते. पण नीट ऐकून पहा. सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2 लिहायचे, मग 7. त्या मुलाने जसे ऐकले तसे प्रामाणिकपणे लिहिले होते. मराठी संख्यानामांत आणखी गंमत आहे: एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, म्हणजे ज्या मुलाला अजून 29 नीट कळलेले नाही त्याला आपण 30 मधून एक वजा करायला सांगतो.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' च्या जोडीला 'वीस सात' असेही वाचन आले होते, तेव्हा किती वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. चर्चा विधानसभेपर्यंत गेली. तेव्हा मी शाळकरी होते आणि घरी सगळ्यांबरोबर मीही त्या पुस्तकाची चेष्टा केली होती. मंगळवारी त्या मुलाची पाटी पाहिल्यावर चेष्टा करावीशी वाटली नाही.

मावशीने त्याला 'चूक' म्हटले नाही. काड्यांची पेटी दिली. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. "सत्तावीस काढ." त्याने दोन गठ्ठे आणि सात काड्या मांडल्या. "आता बहात्तर काढ." सात गठ्ठे मांडताना मध्येच तो थांबला. आधीच्या ढिगाकडे पाहिले, हातातल्याकडे पाहिले. मग पाटी ओढली, थुंकी लावून पुसली आणि 27 लिहिले. या सगळ्याला सहा-सात मिनिटे लागली असतील. तेवढा वेळ तो हलला नाही. शेजारी दोघांचे रबरावरून भांडण झाले, तेही त्याला ऐकू आले नाही.

ही नोंद मी उजव्या रकान्यात केली आणि त्या रात्री तो रकाना पुन्हा वाचला.

इथे थोडे थांबून मागे जाऊ. मारिया मॉंटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिथला एक प्रसंग त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितला आहे. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील खाचांत वेगवेगळ्या आकाराच्या दट्ट्या बसवत होती. सगळ्या बसवायच्या, काढायच्या, पुन्हा बसवायच्या. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला लावले. तिने मान वर केली नाही. खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तर ठोकळा मांडीवर घेऊन तिने काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा केल्यावर ती आपणहून थांबली आणि झोपेतून ताजेतवाने उठावे तशी हसऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे पाहू लागली. तिला एकाग्रता कुणी शिकवली नव्हती. हाताला योग्य काम मिळाले होते.

आपण साधक मंडळी एकाग्रतेबद्दल बरेच वाचतो. मोठ्या माणसाला आधी शरीर स्थिर, मग मन, असा क्रम सांगितला जातो. लहान मुलात मला तो उलटा दिसला. आधी हात चालतात, हातांबरोबर मन गोळा होते, मग शरीर आपोआप स्थिर होते. स्थिरता हे तिथे दार नाही, आतली खोली आहे.

बुधवार

बुधवारी दुकान होते, म्हणजे माझा विषय. रिकाम्या काडेपेट्या, साबणाची वेष्टने, चिंचोके, खडू, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी आणि खेळातल्या नोटा-नाणी. गिऱ्हाइकाने 13 रुपयांची वस्तू घेतली आणि 20 ची नोट दिली. दुकानदार दुसरीतला. 20 वजा 13 हे गणित फळ्यावर दिले असते तर हातच्याच्या पायरीवर तो अडला असता असे मावशी म्हणाली. इथे त्याने एकेक नाणे टाकत म्हटले, "चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस." सात नाणी गिऱ्हाइकाच्या हातात. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले काकाही सुटे असेच परत देतात. मी तीन वर्षे हिशेबशास्त्र शिकते आहे, पण हे वजाबाकीचेच रूप आहे असा विचार कधी केला नव्हता.

एक पहिलीतली मुलगी दुकानात उधारी मागत होती. दुकानदाराने वहीत तिचे नाव लिहायचा प्रयत्न केला, नावातले एकच अक्षर येत होते, तेवढेच लिहिले.

दुपारी खिचडी. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे केंद्राचे प्रमाण आहे. मला मात्र आकड्यांपेक्षा आधीचा अर्धा तास महत्त्वाचा वाटला. हात धुण्याची रांग, ताटे वाटणे, 'किती ताटे लागतील' हे पुन्हा मोजणे, चौथीच्या मुलांनी पहिलीच्यांना वाढणे, सगळ्यांना मिळेपर्यंत थांबणे. सहा वर्षांचे मूल भूक लागलेली असताना समोरचे ताट तसेच ठेवून थांबले होते. त्यांना कुणी संयमावर पाठ दिला नव्हता.

2022 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात पंचकोश विकासाचा विचार आहे. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय हे शब्द आपल्याला तैत्तिरीय उपनिषदातून परिचयाचे आहेत. त्याच उपनिषदात भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, ब्रह्म काय ते विचारायला जातो. त्याला सर्वांत आधी जे कळते ते अन्न. तिथूनच तो पुढे जातो, ते टाळून नाही. खिचडीच्या रांगेकडे पाहताना मला ही गोष्ट आठवली. बालवर्गात आपण बहुधा वरच्या टोकाकडून सुरुवात करतो. मी तरी केली होती.

गुरुवार

गुरुवारबद्दल थोडेच लिहिते, कारण अर्धा दिवस मावशी कसलीतरी माहिती फोनवर भरत होती. ती पुन्हा पुन्हा मागवली जाते म्हणे. मुलांना चिकणमाती दिली होती. बैल, पोळपाट, साप आणि मातीच्या वळ्यांची अक्षरे झाली. मला वाटले, मावशी मोकळी व्हावी म्हणून मुलांना गुंतवले आहे. तसे म्हणालेही. त्यावर तिने समजावले. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, मऊ असतात आणि वर्षावर्षाने एकेक पक्के होत जाते. सहाव्या वर्षी हे काम पूर्ण झालेले नसते. अशा हाताला एकदम पेन्सिल देऊन पानभर लिहायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळते, हात दुखतो आणि मग 'कंटाळा करतो' असे आपण म्हणतो. माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे ही लिहिण्याचीच तयारी आहे.

मी तिला चटईच्या काडीबद्दल विचारले. ती म्हणाली, "काडी उपसत होता ना? म्हणजे त्याची बोटं काम मागत होती. तू द्यायला हवं होतंस."

मावशी डी.एड. ला असताना तिने गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचले होते. त्या संध्याकाळी तिने ते मला दिले. गिजुभाई मूळचे वकील. 1920 मध्ये भावनगरला त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याकडेच जाऊन काम करत होत्या. 'दिवास्वप्न' ही एका कल्पित शिक्षकाची, लक्ष्मीरामची कथा आहे. तो चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी काय करतो? शांततेचा खेळ घेतो! मुले गप्प राहायची सोडून इतका गोंधळ घालतात की त्याला शेवटी वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो आणि मुले आपणहून त्याच्याभोवती येतात.

हे पान वाचताना मला एकाच वेळी लाज वाटली आणि बरेही वाटले. पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झाले 1930 च्या दशकात. म्हणजे माझी चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे.

ताराबाई पुढे अनुताई वाघ यांच्यासह 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या वारली मुलांना शाळेत येऊन बसणे जमत नव्हते. घरी लहान भावंडे, रानात गुरे. त्यांनी 'मुले बसत नाहीत' अशी तक्रार केली नाही. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतील तिथेच शाळा. साधने म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया. विकत आणायचे काही नाही. आपल्या बालवर्गासाठी साहित्य कुठून आणायचे असा प्रश्न बैठकीत निघतो तेव्हा हे आठवावे.

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी जे पाहिले त्यासाठीच बहुधा मावशीने मला बोलावले होते.

सकाळी गोष्ट झाली, मग मुलांनी तिचे नाटक केले. कोल्हा व्हायला सगळे तयार, कोंबडी व्हायला कुणी नाही, शेवटी पाच कोल्हे आणि एक कोंबडी. मग मैदानात पळापळी. मग खिचडी. त्यानंतर मावशीने चिंचोके, वाल, मका आणि हरभरे एकत्र केलेले ताट प्रत्येक गटाला दिले आणि वेगवेगळे करायला सांगितले. दहा-बारा मिनिटे खोलीत फक्त दाणे पडल्याचा आवाज होता.

दाणे वाट्यांत गेल्यावर ती काही न बोलता उठली आणि दारापाशी, मुलांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिथून अगदी हळू, कानगोष्टीच्या आवाजात एकेकाचे नाव घेऊ लागली. ज्याला नाव ऐकू आले त्याने पाय न वाजवता उठून तिच्याकडे जायचे. नाव ऐकायचे तर गप्प बसायलाच हवे, आणि ते कुणाला सांगावे लागत नव्हते. मॉंटेसरींचा हाच शांततेचा खेळ, पण लक्ष्मीरामने पहिल्या दिवशी घेतला आणि मावशीने आठवड्याच्या शेवटी, खेळून, खाऊन, हातांचे काम होऊन गेल्यावर. 25 मुले होती. शेवटच्या मुलाचे नाव येईपर्यंत चार-पाच मिनिटे तरी गेली असतील. त्या वेळात बाहेरच्या पिंपळाची पाने ऐकू येत होती. एका मुलाने तर डोळे मिटले होते, कुणी सांगितलेले नसताना.

सोमवारी परिपाठात वेणी मोजणारी मुलगी सर्वांत शेवटी राहिली. तिला आपले नाव येणार हे माहीत होते, तरी ती हलली नाही.

शनिवार सकाळची शाळा. कवायत, थोडा योग, मैदानातले खेळ, वर्गाची सफाई. 2024 पासून राज्यात 'आनंददायी शनिवार' आहे, त्यामुळे दप्तर नव्हतेच. दहाच्या सुमारास वस्तीवरून आलेल्या एका आजोबांनी मुलांना दोरीच्या गाठी शिकवल्या, तेवढे विशेष.

घरी परतल्यावर मी नोव्हेंबरचा तो हिंदी पाठ पुन्हा उघडला. माझा अनुवाद शेजारी ठेवला. मूळ पाठात निश्चल बसण्याच्या आधी वीस मिनिटांचा खेळ आणि माळ ओवण्याची कृती दिलेली होती. मी तिचाही अनुवाद केला होता, शब्द न शब्द. रविवारी मात्र 'वेळ कमी आहे, हे काय खेळणंच आहे' असे म्हणून तेवढा भाग गाळला आणि थेट डोळे मिटायला सांगितले. अनुवादात चूक नव्हती. पाठातही नव्हती.

आपणही आपल्या वर्गाचा पाठ काढून पहा, आपण घाईत नेमके काय गाळतो ते. खेळ, गाणे, हाताचे काम, की पाणी प्यायची सुट्टी? आणि पुढच्या रविवारी माझ्यासारखे दोन रकाने आखून पहा. मुलांचे नव्हे, आपल्या सूचनांचे मूल्यमापन होईल.

त्यानंतर मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याला 'सॉरी' म्हटले. तो आईच्या मागे लपला. मी पिशवीतून चिंचोके आणि वाल काढून जमिनीवर पसरले आणि म्हटले, मला हे रविवारी वेगळे करून हवे आहेत, कुणी मदत करेल का? तो काही बोलला नाही, पण रविवारी आईचा हात धरून आला आणि दारापाशीच बसला. मी त्याला आत बोलावले नाही. तिथेच ताट दिले. वर्ग संपेपर्यंत त्याने ताट दोनदा निवडले आणि दोनदा पुन्हा मिसळले. शेवटची शांतता आम्ही तीन मिनिटांचीच ठेवतो आता. त्या तीन मिनिटांत तो बसला होता की नाही ते मी पाहिले नाही, कारण नावे पुकारत मी दारापाशी त्याच्या मागे उभी होते आणि त्याचे नाव दुसरेच घेतले.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्या रविवारी नाही. आई म्हणाली, मामाकडे गेला आहे. जाताना वाल बरोबर नेले आहेत.